पहिल्या हाकेला हजर

आसगाव, बुधवार, ३ फेब्रुवारी १९८२

पोचलो एकदाचे! भंडाऱ्याहून सकाळची गाडी, पवनीला बदल, आणि साडेअकराला आसगावच्या फाट्यावर मी, माझी वळकटी आणि प्रथमोपचाराची पेटी असे तिघे उतरलो. भोजराज बैलबंडी घेऊन हजर होता. वाटेत धान कापून मोकळ्या झालेल्या बांध्यांमध्ये लाखोरी फुलली आहे. इतकी निळी, की बंडीतच मी एक कविता चाल लावून गुणगुणायला लागलो. भोजराज वळून हसला. म्हणाला, "गुरुजी, सहावीतली ना ही?" चौतीस वर्षं लाखनीच्या शाळेत कविता शिकवलेल्या माणसाला आणखी काय हवं असतं!

हा भोजराज म्हणजे वर्गात आरशाच्या तुकड्याने भिंतीवर उन्हाचे कवडसे नाचवणारा. आता लाखनीला त्याचा फोटो स्टुडिओ आहे. नागपूरच्या मित्राकडून बारा तारखेपर्यंत सिनेमाचा छोटा कॅमेरा मागून आणला आहे आणि इथे, काकीच्या घरात, अकरा मिनिटांचा सिनेमा काढतो आहे. एक बाई कंदील घेऊन रात्रभर नवऱ्याची वाट पाहते, एवढीच गोष्ट. मला आवडली. वाट पाहण्यात जी कविता असते ती आल्यावर राहत नाही.

बाईचं काम त्याची बायको सत्यवती करते. तीही माझ्याच वर्गातली, पहिल्या बाकावरची. पाया पडली आणि म्हणाली, "गुरुजी, एकडाव हजेरी घ्या ना!" मी जुन्या सुरात नाव ओढून पुकारलं, तिने हात वर करून "हजर" म्हटलं. वीस वर्षं गळून पडल्यासारखी वाटली.

माझं इथलं काम मात्र कवितेचं नाही. मागच्या वर्षी एका लग्नात भोजराजचा दिवा कलंडला आणि सत्यवतीचा हात भाजला. मनगटापासून कोपरापर्यंत अजून डाग आहे. म्हणून तिच्या वडिलांनी, तेजरामजींनी, अट घातली की केशवराव मास्तर सोबत असतील तरच पोरगी कॅमेऱ्यापुढे उभी राहील. शाळेत बालवीर पथक माझ्याकडे होतं, आगीची कवायत मीच घ्यायचो, ते त्यांना ठाऊक. मी त्यांच्या हातावर हात ठेवून शब्द दिला आहे. जशी नेली तशी आणून देईन.

गुरुवार, ४ फेब्रुवारी

आज दिवसभर घर तपासलं. पुढे सपरी म्हणजे ओसरी, मधे माजघर, मागे रांधायची खोली, तिच्यामागे सांदवाडी म्हणजे परसू आणि विहीर. घर गावापासून फर्लांगभर दूर, बोडीच्या, म्हणजे लहान तळ्याच्या, काठावर. चित्रीकरण सगळं माजघरात.

आधी वायरमन टिकाराम. हा लाखनीचा, कामाला वाघ, पण फ्यूज उघडून पाहिला तर आत केसाएवढ्या तारेच्या जागी जाड तार कोंबलेली. विचारलं, तर म्हणतो, "घडीघडी उडते ना गुरुजी, कोण बसवत बसन!" त्याच्याच हाताने ती काढवली. दाराच्या वाटेत आडवी टाकलेली वायर भिंतीच्या कडेने नेली. विहिरीचा कठडा गुडघ्याएवढाच आहे, तिथे दोन लाकडी बल्ल्या आडव्या बांधल्या. हजार वॅटचे दोन दिवे आहेत. पाच मिनिटांत त्यांची टोपणं अशी तापतात की वर पोळी भाजावी. आणि सगळ्यात वाईट म्हणजे माळा. माजघरावर शिडी लावून चढायचा माळा आहे, खिडकी नाही, झरोका नाही, आणि तणसाने, म्हणजे धानाच्या पेंढ्याने, गच्च भरलेला. फळ्यांच्या फटींतून काड्या खाली लोंबतात, नेमक्या दिव्यांच्या डोक्यावर. तणस काढा म्हटलं, तर घरची मालकीण, भोजराजची काकी शकुनबाई, कंबरेवर हात ठेवून उभी राहिली. बैल काय तुमचा शिनिमा खातीन काय, म्हणे! शेवटी फळ्यांना खालून ओलं गोणपाट ठोकायचं ठरलं.

रेतीच्या दोन बादल्या, पाण्याच्या तीन. कोण कुठे उभं राहणार ते खडूने जमिनीवर आखलं. बायकोला हे सांगायला हवं होतं. ती असती तर म्हणाली असती, तुम्हाला रिटायर कुणी केलं हो?

शुक्रवार, ५ फेब्रुवारी

इथे संध्याकाळी लाइन मंदावते. दिवा पेटतो, पण काजव्यासारखा. पूर्ण दाबाची वीज दुपारी बारा ते चार. आणि गोष्ट तर रात्रीची. तेव्हा भोजराजने युक्ती काढली. दारं, खिडक्या, भिंतींच्या फटी, सगळं काळ्या ताडपत्रीने झाकायचं आणि भर दुपारी घरात रात्र करायची.

आज ती रात्र पहिल्यांदा केली. शेवटची फट बुजली आणि हाताला हात दिसेना. बाहेर बैलांच्या गळ्यातल्या घंटा वाजताहेत, ऊन पडलं आहे, आणि आत मध्यरात्र. सत्यवतीने कंदील लावला. तिचा चेहरा तेवढा उजळला आणि आम्ही सगळे कसे विरघळून गेलो. मला फार सुंदर वाटलं ते. कबूल करतो.

मग धूर. गोणपाट वाळलं होतं, त्याच्या फटीतून एक काडी दिव्यावर पडली. पाणी होतं मागच्या खोलीत, शकुनबाईंपाशी. मी हाक मारली. उत्तर नाही. ताडपत्रीचा पडदा वर धरायला धनीराम माळ्यावर चढला होता. हा गावचाच, मंडईच्या, म्हणजे दिवाळीनंतरच्या जत्रेच्या, नाटकांत राजा होणारा, सिनेमात सत्यवतीचा नवरा. त्याला हाक मारली. उत्तर नाही. दुसऱ्यांदा दोघांना. नाही. तिसऱ्या हाकेला दोघांनी एकदमच "ओ!" दिली. तोवर ताडपत्रीची कड वितळून सत्यवतीच्या पदरापासून वीतभर अंतरावर ठिबकत होती. टिकारामने रेती फेकली म्हणून निभावलं.

मी संतापलो. बहिरे आहात का, विचारलं. धनीराम मान खाली घालून म्हणाला, आमच्याकडे अंधार पडल्यावर पहिल्या हाकेला ओ देत नाहीत. तीन होऊ द्यायच्या.

शनिवार, ६ फेब्रुवारी

नियम केला. काळी ताडपत्री लावली की मी नाव पुकारीन. ज्याचं नाव त्याने पहिल्याच हाकेला "हजर" म्हणायचं. कोण कुठे आहे ते मला कळलंच पाहिजे. आग तीन हाकांची वाट पाहत नाही.

शकुनबाईंनी मला सकाळीच सपरीत गाठलं. त्यांचे शब्द जसेच्या तसे लिहितो, कारण त्यांत एक लय आहे. "मास्तर, माणूस एकडाव बलावते, दुसऱ्यांदा बलावते, नाई आला तं तिसऱ्यांदा बलावते. जे माणूस नोहे ते एकडावच बलावते. तेले ओ देल्ली का झालं." मी समजावलं की हे रात्रीचं झालं, आपण दुपारी काम करतो. त्यांनी माजघराकडे बोट केलं. म्हणाल्या, "मंग ते आत काय लावून राहिले? दिवस हाये तं कंदील कायले पेटवता?"

पण नियम सोडला नाही. सत्यवतीच्या पदरापासून वीतभर! ते मी पाहिलं आहे, त्यांनी नाही.

सकाळभर उघड्या उजेडात कवायत घेतली. भोजराज, सत्यवती, टिकाराम, धनीराम, शकुनबाई. याच क्रमाने, शाळेत पुकारायचो तशी शेवटची अक्षरं ओढून. धनीराम पहिल्यांदा अडखळत होता. त्याची जीभ आतून कुणी धरल्यासारखी. दहाव्या फेरीपर्यंत तोही बाकीच्यांसारखा पटकन बोलू लागला. मी त्याची पाठ थोपटली. शकुनबाई मात्र तिसऱ्या हाकेलाच, तेही "ओ". त्यांच्यापुढे हात टेकले.

रविवार, ७ फेब्रुवारी

आज काम फार उत्तम झालं. प्रत्येक वेळी दिवे लावायच्या आधी हजेरी, विझवल्यावर हजेरी. अंधारातून एकेक "हजर" येतो तेव्हा कुणी मण्यांची माळ ओढावी तसं वाटतं. कुणाला साधा चटकाही बसला नाही. भोजराज म्हणाला, गुरुजी, नागपूरला मोठ्या मोठ्या लोकांकडे एवढी शिस्त नसेल. त्याने टेपरेकॉर्डर चालूच ठेवला होता. घरातली शांतता टिपून घ्यायची म्हणे. शांतताही टिपता येते हे मला नवीन.

एकच बारीकशी गोष्ट. संध्याकाळी चहा घेताना धनीराम म्हणाला, दुपारी मी त्याला माळ्यावर कशाला बोलावलं होतं? तो "हजर" म्हणून शिडी चढला, तर वर कुणी नव्हतं.

मी बोलावलं नव्हतं. मी दिवसभर सपरीच्या दाराशी, खडूच्या चौकोनात उभा होतो. टिकारामने थट्टा केली, "राजेसाहेब, जरा कमी पेत जा ना बाप्पा!" सगळे हसले. धनीराम पीत नाही, हे मला शकुनबाईंनी नंतर सांगितलं.

सोमवार, ८ फेब्रुवारी

धनीरामचं काय झालं ते क्रमाने लिहितो, म्हणजे माझं मला समजेल.

दुपारी दोन वाजता त्याचा शेवटचा प्रसंग संपला. दिवे विझवले. हजेरी घेतली. धनीरामच्या नावाला "हजर" आला, पण डोक्यावरून. माळ्यावरून. मी त्याला खाली ये म्हटलं. उत्तर नाही. पुन्हा नाव पुकारलं. "हजर." आवाज त्याचाच, पण त्याच्यातला तो नाटकातला राजा कुठे गेला होता कोण जाणे. पोरगं झोपेत बोलावं तसा.

ताडपत्री काढून बॅटरी घेऊन टिकाराम वर चढला. धनीराम तणसात मांडी घालून, कोपऱ्याकडे तोंड करून बसला होता. खाली आणलं. चालतो, बसवलं की बसतो. डोळे उघडे. पाणी पाजलं तर पितो. बोलत नाही. बायको आली, रडली, गालावर मारलं, काही नाही. फक्त कुणी त्याचं नाव घेतलं की "हजर" म्हणतो. बायकोने दहा वेळा नाव घेतलं, दहा वेळा म्हणाला. शेवटी शकुनबाईंनी तिच्या तोंडावर हात ठेवला.

त्याला बंडीतून पवनीच्या दवाखान्यात नेलं. शकुनबाई सोबत गेल्या. जाताना माझ्याकडे पाहिलं नाही. भोजराजला एवढंच म्हणाल्या की घरात रात्र आणली तर रात्रीचं जे असतं तेही येणारच, आणि ते काळं फडकं उतरल्याशिवाय मी या उंबरठ्याला पाय लावणार नाही.

निरोप आला. डॉक्टर म्हणतात, जागरणं झाली, थकवा आहे. मंडईपासून तो रात्र रात्र नाटकं करतो आहे. असेल. तसंच असेल.

मंगळवार, ९ फेब्रुवारी

काम बंद ठेवलं. दुपारी भोजराजने रविवारची टेप लावली. मीच म्हटलं लाव. मला खात्री करून घ्यायची होती की मी धनीरामला बोलावलं नव्हतं.

हजेरी ऐकू आली. आधी वाटलं टेप खराब आहे. "हजर" आधी येतो आणि माझी हाक नंतर. चारही नावांना तसंच. भोजराजने मागे घेऊन आवाज पूर्ण वाढवला. तेव्हा ते ऐकू आलं.

माझ्या हाकेच्या आधी आणखी एक हाक आहे. लांबून, वरून. माझाच आवाज. माझीच ओढलेली अक्षरं. "भोजराऽज." मग "हजर". मग, जवळून, मी. तिथे उभा असताना हा क्रम मला एकदाही जाणवला नव्हता.

चौघांनीही मला उत्तर दिलंच नव्हतं. त्यांनी त्याला दिलं होतं. मी त्यांच्यामागून नुसता पुकारत राहिलो होतो.

शकुनबाईंचं नाव तिकडे एकदाच येतं. त्याला उत्तर नाही. माझ्या तिसऱ्या हाकेनंतर त्यांची "ओ".

टिकारामने टेप बंद केली. सत्यवतीने ओठ घट्ट मिटून घेतले होते.

बुधवार, १० फेब्रुवारी

टिकाराम सकाळच्या गाडीने गेला. बरं झालं. वही फाडून टाकावी आणि आपणही निघावं असं मनात होतं. निघायला हवं होतं.

नियम उलटा केला. यापुढे तीन हाका झाल्याशिवाय कुणी उत्तर द्यायचं नाही. सकाळी उजेडात सराव घेतला. मी "सत्यवती" म्हटलं आणि तिच्या तोंडून "हजर" निघालं. पुन्हा. पुन्हा तेच. तिने तोंडावर हात ठेवला तरी हाताच्या आतून आलं. रडायला लागली. म्हणाली, "तुमचा आवाज आला का निघतेच, गुरुजी. चार वर्ष तेच म्हणलं ना मी. माझ्या हातात नाही ते."

चार वर्षं. ते मीच घडवलं. किती अभिमान होता मला, माझ्या वर्गात पोरं एका हाकेत बोलायची!

एकच दृश्य उरलं आहे. ती कंदिलाची वात खाली करते, एवढंच. अर्ध्या मिनिटाचं. भोजराज म्हणतो, त्याच्याशिवाय बाकी सगळं फुकट. परवा कॅमेरा परत जाणार. मी नाही म्हणालो. सत्यवती माझ्याजवळ येऊन बसली. डाग असलेला हात पुढे केला. म्हणाली, हा हात भाजला तेव्हापासून घरात सगळे मला काचेच्या भांड्यासारखं सांभाळतात. एवढं एक काम पुरं करू द्या.

तर मी धोका मोजला. कागदावर, नेहमीसारखा. तिच्या कानांत कापसाचे घट्ट बोळे. मी तोंडाला पंचा बांधीन, पाटीवर लिहून सूचना देईन, म्हणजे घरात माझा आवाज ऐकू आला तर तो माझा नाही हे भोजराजला कळेल. सगळ्या ताडपत्र्या एकाच दोराला. दोर माझ्या हातात. काही झालं की ओढायचा, क्षणात दिवस.

मी परवानगी दिली. सही केल्यासारखी लिहून ठेवतो. मी दिली.

गुरुवार, ११ फेब्रुवारी
दुपारी साडेतीन

लिहिलं पाहिजे. तेजरामजींना कुणीतरी हे वाचून दाखवायला हवं.

दोनदा दृश्य नीट झालं. काही आलं नाही. तिसऱ्यांदा भोजराजला तिची मान थोडी वळवून हवी होती. खुणेने तिला समजेना. त्याने तिच्या एका कानातला बोळा काढला. एवढंच सांगायला. मी पाटी आपटली, त्याने हाताने थांबा केलं. दोन शब्द सांगायचे होते त्याला. दोन!

"सत्यवतीऽ."

वरून. माझा आवाज.

तिने माझ्याकडे पाहिलं. पंचा बांधलेलं माझं तोंड पाहिलं. तिला कळलं होतं की मी नाही. कळलं होतं, मी डोळ्यांनी पाहिलं. तरी ओठ उघडले.

मी दोर ओढला. ऊन धाडकन आत आलं. तेवढ्यात ती शिडीच्या वरच्या पायरीवर होती. तिची टाच तेवढी दिसली.

माजघरात दिवस आहे. माळ्यावर नाही. माळ्याला झरोका नाही हे मीच लिहून ठेवलं होतं. पहिल्याच दिवशी. आगीसाठी.

चार वाजता

तापलेला दिवा तणसात नेता येत नाही, म्हणून भोजराज बॅटरी घेऊन वर गेला. माळा केवढा, दोन बंड्यांएवढा. तो "सत्या, सत्या" करत तणसात शिरला. आवाज दूर दूर जात राहिला. बोडीपलीकडे गेल्यासारखा. बॅटरी विझली. मी वर धावलो, अंधारात त्याचे पाय सापडले, ओढून काढला. म्हणतो, ती समोरच होती, हाताच्या अंतरावर, पण हात पोचत नव्हता.

मी शिडीखाली उभा राहून तिला हाका मारल्या. तीन. थांबून पुन्हा तीन. पुन्हा तीन. माणूस बोलावतो तसं. तिला कळावं की हा मी आहे, खरा.

दर हाकेला "हजर". उतरत नाही.

पावणेपाच

सुचलं! छप्पर. कवेलू काढायचे, माळ्यावर ऊन पाडायचं. वासे वाळवीने पोखरलेले, छपरावर कुणी चढू नये असं मीच बजावलं होतं. भोजराज चढला आहे. मी शिडीपाशी. इथून हलायचं नाही. गाव फर्लांगभर आहे, धावत जावं तर शिडीवर लक्ष कोण ठेवणार.

कवेलू निघताहेत. खडखड ऐकू येते. लवकर कर रे बाबा.

सव्वापाच

ऊन आलं! एक पट्टी. तणस पिवळंधमक दिसतं. पट्टीच्या काठावर तिचं पाऊल. जोडवी चमकली. आहे ती. तिथेच आहे. भोजराज वरून ओरडला, "दिसली गुरुजी, दिसली!"

पण ऊन तिरपं आहे. पट्टी पुढे सरकत नाही, भिंतीकडे चढते. तो आणखी कवेलू काढतो, ऊन तेवढंच दूर—

साडेपाच

पाऊल आता सावलीत. मी काड्यांची पेटी काढली. मग आत ठेवली. तणस.

सहाला सूर्य जाईल. मग साऱ्या घरात खरीच रात्र. मग नुसता माळा नाही. सपरीही. अंगणही.

भोजराज, लवकर

पावणेसहा

"भोजराऽज."

कवेलूंच्या खालून. माझ्या आवाजात. मी ओरडलो, बोलू नको, बोलू नको रे! माझं ओरडणंही त्याच आवाजात, त्याला काय वेगळं कळणार—

"हजर."

छपरावरून. आपसूक. वर्गात म्हणायचा तसा.

खडखड थांबली. पडल्याचा आवाज नाही. काहीच नाही.

सहा

मी एकटा. त्या यादीत माझं नाव नाही. ती मी केली होती, हजेरी घेणारा स्वतःला धरत नाही. म्हणून त्याला माझं नाव ठाऊक नसावं. दार उघडं आहे. अंगणात अजून उजेड आहे. पळालो तर गावात पोचेन.

तेजरामजींना शब्द

अक्षर दिसेनासं होतं आहे. कंदील लावला आहे. तिचाच.

थोड्या वेळाने

"गुरुजी."

तिच्या आवाजात. माळ्यावरून. एकदाच.

मी ओठ दाबून बसलो आहे. एकदाच आली तर ती नाही. थांबायचं.

थांबतो

"गुरुजी."

दुसरी! दुसरी आली. शकुनबाई म्हणाल्या होत्या, ते एकडावच बोलावतं. मग ही तीच. माझी पोर. शुद्धीवर आली, अंधारात घाबरली—

पण दुपारी इथे उभं राहून मीच तीन तीन हाका मारल्या. थांबून थांबून. तीन, पुन्हा तीन. ते वर बसून ऐकत होतं. पहिला सूरही माझ्याकडूनच शिकलं. हेही मीच

कसं ओळखू आता? काही उरलं नाही ओळखायला. माणसाची खूणच मी त्याला

आणि तीच असली तर? मी गप्प राहिलो तर पोर तीनदा हाक मारून, उत्तर नाही म्हणून, तशीच अंधारात

तिसरी आली.

रडते आहे. पहिल्या बाकावर छडी लागल्यावर रडायची तशी, आवाज न करता, नाक ओढत.

वही शिडीपाशी ठेवतो आहे. तेजरामजी, ओ देतो आणि वर जातो. खाली येईन तो तिला घेऊनच—